प्रत्यक्ष ताबा

एप्रिल लागला की लालबागच्या मिरची गल्लीत मसाला कुटायचे डंक दिवसभर चालतात. मिरचीची बारीक पूड वाऱ्यावर आमच्या चाळीपर्यंत यायची. आम्हा जुन्या माणसांना तिचं काही वाटत नसे, पण बाहेरून आलेला माणूस जिना चढेपर्यंत शिंकून हैराण व्हायचा. हितेंद्र पहिल्यांदा आला तो असाच, नाकाला रुमाल लावून. गळ्यात सरकारी ओळखपत्र आणि खांद्याला काळी पिशवी. पिशवीत जागा मोजायचं यंत्र होतं.

तो येणार हे ठाऊक होतं. चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता, आणि त्याच सुमारास जागेची मालकी नोंदवायचे नियम बदलले होते. जिन्याखालच्या फळ्यावर नव्या नियमांचा कागद लागला होता. तो मी स्वतः उभी राहून वाचला. मला वाचायला वेळ लागतो, कारण अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, चाळीतल्याच प्रौढांच्या वर्गात. येणारेजाणारे मला वळसा घालून जात होते. पूर्ण वाचून झाल्यावरच मी वर आले.

पूर्वी खोली पावतीवर चालायची. भाडेपावतीवर ज्याचं नाव त्याची खोली, मग तो माणूस हयात असो वा नसो. आमची पावती माझ्या नवऱ्याच्या चुलत्याच्या नावावर होती. चुलता गिरणीत लागला तेव्हा त्याने ती खोली घेतली आणि माझं लग्न व्हायच्या आधीच तो गावी जाऊन वारला. त्याच्या नावाची पावती मात्र चालत राहिली. आनंदा, माझा नवरा, त्या खोलीत जन्मभर राहिला आणि तिथेच गेला, पण कागदाच्या हिशेबाने तो तिथे कधी नव्हताच. मीही नव्हते.

नव्या नियमात पावती बाजूला ठेवली होती. जागेत प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे ते बघायचं आणि ज्याचा ताबा त्याच्या नावावर नव्या घराची नोंद करायची. घरात बाई असेल तर पहिलं नाव तिचं. जागा यंत्राने मोजायची, आकडा तिथल्या तिथे कचेरीत जायचा, त्यावर कोणी पेन चालवायचं नाही. शेवटी कॅमेऱ्यासमोर उभं राहून तोंडाने सांगायचं, की या जागेत दुसऱ्या कोणाचा ताबा नाही.

नियम चांगला होता. आमच्या चाळीत पावतीवरून सख्खे भाऊ एका गॅलरीत राहून वर्षानुवर्षं बोलत नव्हते. आणि मला त्यात माझं भलं दिसत होतं. गावचं घर दिरांच्या नावावर, इथली खोली मेलेल्या चुलत्याच्या नावावर. रेशनकार्डावरसुद्धा माझं नाव दुसऱ्या ओळीत होतं. माझा मुलगा विनीत नालासोपाऱ्याला भाड्याने राहायचा. एकोणिसाव्या माळ्यावरचं नवं घर झालं की तो, सून सीमा आणि शाळेत जाणारी नात माझ्याकडे येणार होते. विनीत चेष्टेने म्हणायचा, की आता आईच्या घरात राहायचं तर आईला विचारून श्वास घ्यावा लागणार. मी त्याला गप्प बस म्हणायचे. पण ते ऐकायला मला आवडायचं.

आमची खोली दुसऱ्या माळ्यावर होती. पुढे गॅलरी, मग खोली, मागच्या भिंतीला मोरी. गिरण्या चालू होत्या तेव्हा मी तिथे खाणावळ चालवायचे. गावचे गडी तिथेच जेवायचे आणि पाळीपाळीने तिथेच झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच्याच वळकटीवर आडवा व्हायचा. कोणाचे पाय कोणाच्या डोक्याला लागतील याचा नेम नसायचा. तरीही मोरीच्या अलीकडे, भिंतीला लागून, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा मोकळी सोडलेली असायची. तिथे कोणी वळकटी टाकत नसे.

आमच्या कोकणात प्रत्येक जागेला जागेवाला असतो. माणसं येतात, जातात, खरेदीखतं होतात, पण जमिनीचा म्हणून जो आहे तो तिथेच असतो, त्याला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, असं आम्ही मानतो. चुलत्याने खोली घेतली तेव्हा गावच्या माणसांनी त्या कोपऱ्यात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. गाऱ्हाणं म्हणजे जागेवाल्याशी मोठ्याने केलेलं बोलणं. एकजण एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतात. होकार दिला की ते बोलणं पक्कं झालं. त्या दिवशी असं ठरलं होतं, की जागा तुझी, आम्ही नुसते राहणार, तू आमची राखण कर.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा हे मला सांगितलं गेलं, पाणी कधी येतं आणि रॉकेल कुठे ठेवतात हे सांगितलं तसंच. मी त्यावर कधी डोकं चालवलं नाही. जमिनीचा जागेवाला असेल, पण तो दुसऱ्या माळ्यावर कसा येईल, असं एकदा आनंदाला विचारलं होतं. आनंदा म्हणाला, “आपण नाय इलंव?”

हितेंद्रने आधी खोलीची रुंदी मोजली. यंत्र मुठीत मावेल एवढं होतं. ते एका भिंतीला टेकवायचं, बटण दाबलं की लाल किरण सुटतो, समोरच्या भिंतीवर ठिपका पडतो आणि मधलं अंतर काचेवर उमटतं. रुंदी बरोबर आली. मग लांबी. दाराच्या भिंतीवर माझी भांड्यांची मांडणी होती, म्हणून तो खाली बसला आणि यंत्र गुडघ्याच्या उंचीवर टेकवून त्याने बटण दाबलं.

लांबी कमी आली.

त्याने दोनतीनदा करून पाहिलं. मग पिशवीतून फीत काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन मोरीपर्यंत गेला. फितीने लांबी पुरी भरली. शेजारी गंगाधर भावोजींच्या खोलीत जाऊन यंत्र लावलं, तिथे पुरी भरली. दोन्ही खोल्या एकाच मापाच्या, मधे एकच भिंत. परत आमच्याकडे येऊन लावलं तर पुन्हा कमी.

“बॅटरी उतरली असेल,” तो म्हणाला. फितीचा आकडा लिहून टाक, असं मी त्याला सुचवलं. आता हाताने काही टाकता येत नाही, मशीन म्हणेल तेच खरं, असं त्याने सांगितलं. चहा प्यायला, शिंकला आणि दुसरं यंत्र घेऊन येतो म्हणून गेला.

तो परत आला तो रविवार होता, म्हणून विनीतही माझ्याकडे आला होता. भर दुपार होती. खाली रस्त्यावर डंकांची धडधड चालू होती, पंखा फिरत होता. यंत्र नवं कोरं, खोक्यातून माझ्यासमोर काढलेलं. हितेंद्र पुन्हा मांडणीखाली बसला आणि बटण दाबलं.

विनीत मोरीच्या भिंतीकडे बघत होता. ठिपका कुठे आहे, असं त्याने विचारलं.

मीही बघितलं. भिंतीवर ठिपका नव्हता. तो भिंतीच्या अलीकडे होता, त्या मोकळ्या जागेत, जमिनीपासून हातभर उंचीवर. हवेत. किरण तिथपर्यंत जाऊन थांबला होता. ठिपका गोल नव्हता, लांबट झाला होता, मडक्याच्या अंगावर उजेड पडला की होतो तसा.

हितेंद्रचा हात भिंतीला टेकलेला होता, हलत नव्हता. ठिपका मात्र हलत होता. किंचित पुढे यायचा, मग किंचित मागे जायचा. अगदी सावकाश.

विनीत पुढे झाला. त्याने ठिपक्यासमोर तळहात धरला, तेव्हा ठिपका तळहातावर आला. हात काढला, तो होता तिथे परत गेला. मग विनीतने ठिपक्याच्या पलीकडे हात घातला, जिथे किरण पोचत नव्हता. हात आरपार गेला. काही लागलं का, मी विचारलं. त्याने मानेनेच नाही म्हटलं आणि हात पँटला पुसला. थोड्या वेळाने परत पुसला.

हितेंद्रने यंत्र वर, छातीच्या उंचीला नेलं. किरण सरळ मोरीच्या भिंतीला लागला. खाली आणलं, थांबला. डावीकडे सरकवलं, थोडं अंतर थांबत गेला, मग एका ठिकाणी सुटून भिंतीला लागला. उजवीकडेही तसंच. तो गुडघ्यांवर सरकत बराच वेळ किरण फिरवत राहिला. कुठे थांबतो आणि कुठे सुटतो याचे बिंदू तो एका कागदाच्या पाठीवर मांडत होता. कागद बराच भरल्यावर त्याने पेन्सिल टेकवली आणि बिंदू जोडायला सुरुवात केली. वरचा गोल भाग झाला, त्याखाली दोन्ही बाजूंना उतरती रेघ झाली. तिथे तो थांबला. कागद चुरगळून त्याने खिशात घातला.

“मावशी, इथे कोण बसतं का?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

आकडा तोवर कचेरीत गेलेला होता. हितेंद्रने यंत्राची काच आम्हाला दाखवली. नियमाप्रमाणे खोलीत कायमची अडलेली जागा सापडली आणि ती राहणाऱ्याने आपली म्हणून सांगितली नाही, तर यंत्र आपोआप शेरा टाकतं, अंशतः दुसऱ्याचा ताबा. मी नाही टाकला, असं तो दोनदा म्हणाला. यादी बंद व्हायच्या आत नव्या मोजणीत तो शेरा निघाला नाही, तर खोली वादात जाणार होती. वादातल्या खोलीला नवं घर नाही, निकाल लागेपर्यंत.

विनीत चिडला. निकाल कोणाच्या विरुद्ध लागणार, समोर आहे कोण, असं त्याने विचारलं. हितेंद्र पिशवी आवरत म्हणाला, की समोरच्या पार्टीचं नाव आलं की कळेल. तो हे चेष्टेने म्हणाला नव्हता. त्याला कचेरीत असंच शिकवलं होतं.

विनीत दिवेलागणीला निघून गेला. जाताना नेहमीसारखा मोरीवर पाय धुवायला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केर काढायला बसले आणि त्या कोपऱ्याशी आल्यावर हात थांबवून नीट बघितलं. आमच्या खोलीला शहाबादी फरशी होती. इतक्या माणसांच्या वावराने ती सगळीकडे झिजून गुळगुळीत झाली होती, दाराशी तर खळगा पडला होता. त्या एवढ्या तुकड्यात मात्र फरशी खरखरीत होती. टाकीचे घाव अजून दिसत होते. तिथे धूळ नव्हती, म्हणजे केर मी रोज काढत होते. पण कसा काढत होते ते आठवेना. मग मी मुद्दाम झाडू तिकडे नेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा हात आपोआप वळसा घेतो आहे, जेवायला बसलेल्या माणसाच्या भोवतीने आपण केर काढतो तसा.

मी झाडू ठेवला आणि गंगाधर भावोजींकडे गेले.

गंगाधर भावोजी आमच्याच गावचे, गिरणीत आनंदाबरोबर एका खात्यात होते, मला मालनवयनी म्हणायचे. चुलत्याच्या वेळचं गाऱ्हाणं त्यांच्या वडिलांनी घातलं होतं आणि वडिलांमागे चाळीतला तो मान त्यांच्याकडे आला होता. मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, की जागा सोडताना त्याला सांगायला हवं होतं, आपण सगळ्या जगाला सांगितलं आणि त्यालाच नाही.

रविवारी सकाळी गाऱ्हाणं ठरलं. गॅलरीतली गावची जुनी माणसं आली, विनीतही आला. मी कोपऱ्यात पाट मांडला, नारळ आणि विडा ठेवला. भावोजी सदरा घालून, टोपी घालून उभे राहिले. आम्ही त्यांच्या मागे हात जोडून उभे होतो. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता.

“बा जागेवाल्या म्हाराजा. आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली असत. हयसर आमी ऱ्हवलंव, वाढलंव.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हटलं.

“आता ही चाळ पडतली. तर तू रागाव नको. हयसून ऊठ आणि आमच्या वांगडा चल.”

“व्हय म्हाराजा.”

“नवी जागा मालनवयनीक मेळतली. थय ये, आणि त्या जागेचो ताबो घे.”

“व्हय म्हाराजा.”

नारळ फुटला. खोबऱ्याची शकलं आणि गूळ वाटला. सगळे खुशीत होते. कोणी भावोजींची थट्टा करत होतं, की टॉवरमध्ये गेल्यावर गाऱ्हाणं इंटरकॉमवरून घाला.

माणसं पांगल्यावर मी भावोजींना चहा दिला आणि म्हटलं, “भावोजी, राखण कर म्हणायचं होतं. तुम्ही ताबो घे म्हणालात.”

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “खरा?”

मी म्हटलं, खरं, आणि आम्ही सगळ्यांनी होकार दिला.

“म्हयने झाले, चाळीत जो तो ताबो ताबो करता,” ते म्हणाले. “तोंडात बसला ता.”

परत गाऱ्हाणं घालून फिरवता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी बशीतला चहा संपवला, टोपी काढून मांडीवर ठेवली. “दिलेला परत कसा मागतलंस, वयनी? चारचौघांसमोर दिला.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “आणि एकोणीस माळे खय चडता तो.”

“लिफ्ट असणार आहे,” मी म्हटलं.

त्यावर ते हसले आणि मीही हसले.

त्या आठवड्यात हितेंद्र मोजणीला आला. या वेळी तो आत आला नाही. उंबऱ्याशी बसून हात लांब करून त्याने यंत्र भिंतीला टेकवलं. बटण दाबलं आणि लाल ठिपका थेट मोरीच्या भिंतीवर पडला, वाटाण्याएवढा, गोल, स्थिर. लांबी पुरी आली. शेरा निघाला. त्याने गॅलरीतच कॅमेरा धरला आणि मी सांगितलं, की मी मालन आनंदा तावडे, या जागेत माझा प्रत्यक्ष ताबा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. सही की अंगठा, त्याने विचारलं. मी सही केली.

तो गेल्यावर मी खोलीत बसून राहिले. खोली मोठी वाटत होती. मी उठून त्या कोपऱ्यात जाऊन बसले, भिंतीला पाठ लावून. भिंत गार होती, बाकी काही नव्हतं. मला बरं वाटलं.

पुढची तीन वर्षं आम्ही शीवला बिल्डरच्या भाड्यावर एका खोलीत काढली. तिथे काहीही झालं नाही. मी पाहिजे तिथे अंथरूण टाकायचे, केर सरळ काढायचे. चाळ पाडताना बघायला पुष्कळजण गेले, मी गेले नाही. गंगाधर भावोजी मुलीकडे होते, तिथेच वारले. त्यांना नवी जागा बघायला मिळाली नाही.

चावी मिळाली तेव्हा विनीतने ती माझ्या हातात ठेवली आणि कुलूप मीच उघडलं. एकोणिसाव्या माळ्यावर हॉल, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम. खिडकीतून खाडीपर्यंत दिसायचं. दारावर पितळी पाटी लावली होती, तीवर वर माझं नाव आणि खाली विनीतचं. मी ती हळूहळू वाचली. एकदा वाचून झाली तरी परत वाचली.

मी नारळ ठेवला नाही. गाऱ्हाणं घालायला भावोजी नव्हते, आणि मला घालायचंही नव्हतं. दूध उतू घातलं आणि राहायला लागलो.

सीमाने सोफा घेतला होता. माणसांनी तो हॉलमध्ये आणून ठेवला. ती जरा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, की इथे बरा दिसत नाही. सोफा बेडरूममध्ये गेला, तिथे चालायला वाट उरली नाही तरी.

भिंतीवरचं घड्याळ खोक्यातच राहिलं. विनीतने ड्रिल आणलं होतं. हॉलच्या भिंतीला भोक पाडायचं तर, तो म्हणाला, आणि वाक्य पुरं केलं नाही. ड्रिल परत दिलं.

नातीच्या मैत्रिणी यायच्या त्या दाराशीच बोलून जायच्या. आत या म्हटलं तर नको म्हणायच्या, तुमच्याकडे कोणी आलंय वाटतं. कोणी नाही, असं नात सांगायची. पण तीही हळू आवाजात सांगायची.

अभ्यासाला ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसायला लागली. जेवण तिथेच. रात्री आम्ही चौघं बेडरूममध्ये झोपायचो, कोणी पलंगावर, कोणी सोफ्यावर. हॉलमध्ये हवा चांगली यायची. हॉलमध्ये झोपू या, असं कोणी म्हटलं नाही.

एकदा हॉलमधून जाताना मी डोक्यावरचा पदर सावरला. कोणी वडीलधारं बसलेलं असलं की सावरतो तसा. मी थांबून विचार केला, की मी हे कधीपासून करते आहे. मग मी सीमाकडे लक्ष ठेवलं. ती ओढणी सावरायची.



नोंदणीची शेवटची पायरी अजून बाकी होती. नव्या घरात राहायला आल्यावर सरकारी माणूस येतो, घरात बसलेल्याचा चेहरा मोबाइलवर घेतो आणि ताबा कायम करतो. विनीतने मला समजावलं होतं. याआधीचं सगळं कच्चं, आता ज्याचा चेहरा नोंदला जाईल त्याचं नाव कायमचं चढणार, म्हणून तूच समोर बस, दुसऱ्या कोणाला बसू देऊ नको. दुसरं कोण बसणार, असं मी म्हटलं. तो खाली बघून बुटाची नाडी बांधत होता. म्हणाला, हिंदमाताच्या बाजारातून घेतलेली ती निळी साडी नेस, फोटोत चांगली दिसते.

नोंदणीवाली मुलगी आली तेव्हा घरात मी एकटी होते. सकाळचे अकरा वाजले असतील. तिने ओळखपत्र दाखवलं, त्यावर नाव वाचलं, प्रिती. बावीसतेवीसची असेल. बरीच घरं करून आली होती, घामाघूम झालेली. चपला तिने दाराबाहेर काढल्या, ओळीत नीट लावून. दाराच्या आत भिंतीला टेकून बसली आणि मोबाइल एका छोट्या तीन पायांच्या स्टँडवर लावला.

“आजी, आधी थोडं पाणी देता?”

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याकडून हॉल दिसत नाही. मी ग्लास विसळला.

मोबाइलमधून बाईचा आवाज आला. कृपया कॅमेऱ्याकडे पाहा.

“आले हं,” मी म्हटलं. माठातून पाणी घ्यायला डोया सापडत नव्हता.

कृपया डोळ्यांची उघडझाप करा.

डोया सापडला. मी ग्लास भरला.

धन्यवाद. ताबा नोंदवण्यात आला आहे.

मी ग्लास घेऊन दारात आले. हॉल रिकामा होता. खिडकीतून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं. प्रिती मान खाली घालून मोबाइलच्या काचेतच बघत होती, अंगठ्याने काही दाबत होती.

“मी अजून बसले नव्हते,” मी म्हटलं.

तिने वर न बघता हात पुढे करून ग्लास घेतला.

“काका बसलेच होते ना समोर, त्यांचा घेतला. घरातला एकच चेहरा लागतो.” तिने पाणी पिऊन ग्लास मला परत दिला. “आता तुम्ही नाही बसलात तरी चालेल, आजी.”